या वयात कशाला?

(कुरुळी इथं परिसरातल्या बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय सांगितला तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलं, ते मला ऐकू आलं. वजन कमी करायचं ऑपरेशन! हे नट्यांचं काम, आपल्या मेळाव्यात कशाला? दोन वर्षांपूर्वी मलाही असंच वाटत होतं. म्हणून आधी माझीच चूक सांगते.

इथून जवळच एक मावशी खानावळ चालवतात. नाव सांगणार नाही, हे सगळं नाव न घेता सांगायला त्यांनी मला परवानगी दिली आहे. कंपन्यांतल्या पोरांचे दोन्ही वेळचे मिळून साठ-सत्तर डबे. तेव्हा वय ५६. उंची दीड मीटर, म्हणजे पाच फुटाला थोडी कमी, आणि वजन ९८ किलो. शुगर, बीपी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. रात्री आडवं झालं की श्वास अडकायचा, म्हणून भिंतीला उशी लावून बसून झोपायच्या. त्या मला म्हणाल्या, "ताई, डॉक्टरांनी पोटाचं ऑपरेशन सुचवलंय. करू का?" आणि मी काय केलं? त्यांना पंधरा मिनिटं भाषण दिलं. बारीक बाई म्हणजेच सुंदर बाई ही कल्पना कुणी रुजवली, बाईच्या शरीराचा बाजार कसा मांडलाय, आपण आपल्या शरीरावर प्रेम कसं करायला हवं, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला चांगलं दिसायचं नाही ओ. मला उताणं झोपायचंय."

माझं शिक्षण समाजकार्याचं, शिबिरं घेऊन दहा-बारा वर्षं झाली, आणि मी समोरच्या बाईला तिचं दुखणं काय आहे एवढंही विचारलं नव्हतं. बाईच्या शरीरावर तिचा हक्क, हे आपण गर्भपाताबद्दल बोलताना म्हणतो, मारहाणीबद्दल बोलताना म्हणतो. पन्नाशी उलटलेल्या जाड बाईपाशी आलो की आपल्याला त्याचा विसर पडतो.

हे वजन आलं कुठून, ते आधी बघू. मावशी लग्न होऊन इथं आल्या तेव्हा शेती होती. चाकणच्या बाजारातला कांदा म्हणजे या भागातल्या बायकांनी लावलेला, खुरपलेला, काढलेला कांदा. मग कारखाने आले. १९९९ मध्ये बजाजचा, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा, पुढे आणखी कितीतरी. जमिनी गेल्या. पैसे आले ते पुरुषांच्या खात्यात, त्यातून भाड्याच्या खोल्या उठल्या. बाईला विश्रांती मिळाली असं कुणी समजू नका. तिचं काम शेतातून दहा बाय दहाच्या स्वयंपाकघरात आलं, एवढंच. आता ती पहाटे साडेचारपासून गॅससमोर उभी असते. जेवते कधी? दुपारचे डबे गेले की साडेतीनला, आणि रात्री अकराला. काय जेवते? उरलेला भात. "टाकवत नाही ओ," हे वाक्य तुमच्यातल्या किती जणींचं आहे, हात वर करायला लावत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांतल्या आयांचा आणि बाळांचा अभ्यास करत आले. आया कष्टकरी, अंगानं बारीक. बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं पुष्कळ कमी, स्नायू कमी, पण चरबी त्या मानानं टिकून राहिलेली. अशा शरीराला पुढे साखरेचा आजार लवकर गाठतो. म्हणजे आईच्या पोटातली उपासमार आणि पन्नाशीतला मधुमेह ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते की महाराष्ट्रात जवळजवळ चौघींत एक बाई जास्त वजनाची आहे, आणि त्याच पाहणीत निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. पण कुठल्या बायकांची ही मोजदाद? १५ ते ४९ वयाच्या. मूल होण्याचं वय संपलं की बाई या आकड्यांतून बाहेर पडते. आमच्या मावशी सात वर्षांपूर्वीच बाहेर पडल्या होत्या.

आता घरच्यांचं ऐका. मुलगा म्हणाला, या वयात कशाला? दीर म्हणाले, चालायला जा म्हणावं, फुकट आहे. इथं पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेनं कंटेनर जातात, गुडघे गेलेल्या बाईनं चालायचं कुठं ते त्यांनी सांगितलं नाही. मावशी माहेरी गेल्या. त्यांच्या वडलांची जमीन विकली गेली तेव्हा त्यांनी भावांना हक्कसोडपत्र सही करून दिलं होतं. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, तरी माहेर तुटू नये म्हणून सही करणाऱ्या आपणच. भावांनी साडी-चोळी केली, जेवू घातलं आणि तेच विचारलं, ताई, या वयात कशाला?

याच मावशींचं गर्भाशय ३४ व्या वर्षी काढलं होतं. अंगावरून जातं म्हणून. तेव्हा या वयात कशाला, असं कुणीच विचारलं नव्हतं. मुलं झाली होती, पिशवीचं काम संपलं होतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या अशाच काढल्या गेल्या, २०१९ मध्ये ओरड झाली तेव्हा सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. आणि २०११ मध्ये भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा त्यांचं वय ५४ होतं. त्यांनी केलं ते योग्यच केलं, आजार होता, इलाज घेतला. त्यांना कुणी वय काढून दाखवल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

डॉक्टर वयाबद्दल काय म्हणतात? या शस्त्रक्रियेचे जुने निकष १९९१ चे होते. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या दोन संघटनांनी ते बदलले. वयाची ठरीव वरची मर्यादा नाही, माणूस किती काटक आहे, इतर आजार काय आहेत ते बघा, असं त्यांनी म्हटलं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागलं की येतो तो आकडा म्हणजे बीएमआय. मावशींचा साडेत्रेचाळीस. आपल्याकडच्या माणसांना कमी आकड्यावरही आजार होतात, म्हणून आशियाई लोकांसाठी निकष खालचे ठेवलेत.

आणि हे ऑपरेशन म्हणजे चरबी काढणं नव्हे, हा गैरसमज सगळीकडे आहे. मावशींचं झालं त्याला स्लीव्ह म्हणतात. दुर्बिणीतून जठराचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग कापून बाहेर काढतात, उरते केळ्यासारखी नळी. भूक लावणारं एक रसायन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, तेही कमी होतं. कापलेलं परत जोडता येत नाही. दुसरा प्रकार बायपासचा, त्यात जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडतात. टाक्यातून गळती, रक्तस्राव, पायात गाठ होऊन ती फुप्फुसात जाणं, असे धोके दोन्हीत आहेत, थोड्यांना होतात पण होतात. स्वीडनमध्ये १९८७ पासून ३७ ते ६० वयाच्या माणसांना घेऊन मोठा अभ्यास झाला, त्यात बायकाच जास्त होत्या. शस्त्रक्रिया झालेले लोक तशाच जाड, पण शस्त्रक्रिया न झालेल्या लोकांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगले. सर्वसाधारण लोकांपेक्षा मात्र साडेपाच वर्षं कमीच. जादू नाही, इलाज आहे.

पैशाचं सांगते. खासगी रुग्णालयानं साडेतीन लाख सांगितले. मुलाच्या पॉलिसीत आईचं नाव होतं, पण कंपनीनं पहिल्यांदा सरळ नाही म्हटलं. विमा नियामकानं २०१९ मध्ये या बाबतीतली अट सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली आहे. डॉक्टरांचा लेखी सल्ला, वय १८ च्या वर, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त. ३५ असेल तर सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार किंवा औषधांनीही न आवरणारा मधुमेह, आणि आधी साधे उपाय करून ते फसलेले असले पाहिजेत. आम्ही झोपेच्या तपासणीचा अहवाल, जुनी केसपेपरं, शुगरच्या चिठ्ठ्या सगळं लावून परत अर्ज केला. निम्म्याच्या वर पैसे मिळाले. हे कागद जपून ठेवा गं, चुलीत घालू नका.

उरलेल्यासाठी त्यांनी बचत गटाकडे कर्ज मागितलं, आणि गटात मोठा वाद झाला. कर्ज धंद्याला द्यायचं, बाईला बारीक करायला नाही, असं दोघी-तिघी म्हणाल्या. मग एक म्हातारी बोलली, "म्हैस आजारी पडली तर देतो का नाही?" कर्ज मंजूर झालं.

ऑपरेशन नीट झालं. खरी परीक्षा घरी आल्यावर होती. पहिले काही आठवडे पातळ, मग मऊ, मग हळूहळू नेहमीचं. एका वेळी वाटीभर, वेळेवर, सावकाश चावून. जेवताना पाणी नाही. दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं. आता विचार करा, जी बाई सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाते, तिला सांगितलं की तू वेळेवर खा, पहिल्यांदा डाळ-अंडं खा आणि भात शेवटी, जमला तर. डॉक्टरांनी जठर बदललं, पण घरातला जेवणाचा क्रम कोण बदलणार? पहिले दोन महिने मावशी पूर्वीसारख्याच साडेतीनला जेवत होत्या, घाईनं, आणि उलट्या करत होत्या. रुग्णालयानं दिलेला आहाराचा कागद इंग्रजीत होता, त्यात ब्रोकोली होती. आम्ही दोघींनी बसून तो नव्यानं लिहिला. मोड आलेली मटकी, हुलग्याचं माडगं, अंडी, पनीर, ताक. नंतर एका आहारतज्ज्ञ बाईंना दाखवून घेतला.

आणि त्या काळात साठ डबे कुणी केले? सुनेनं. तिचं मूल दोन वर्षांचं. मुलानं एक दिवसही पोळ्या लाटल्या नाहीत. मावशींचा हक्क मिळवून देताना त्याचा भार दुसऱ्या बाईवर पडला, हे मी आधी ओळखायला हवं होतं. आता अशा वेळी आम्ही ऑपरेशनची तारीख घेण्याआधी घरातल्या कामाची वाटणी बोलून घेतो, आणि त्या बैठकीला पुरुषांना बसवतो.

सहा महिन्यांनी केस गळायला लागले, ते बहुतेकींचे गळतात आणि पुन्हा येतात. पण रक्त आठवर आलं. कारण लोह, बी-१२, कॅल्शियम, डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात, आणि वजन उतरलं तसं मुलानं गोळ्या आणणं बंद केलं, आता बरी झालीस ना म्हणून. आपल्याकडे रक्त आधीच कमी. शिवाय पाळी गेलेल्या बाईची हाडं ठिसूळ होतच असतात, या शस्त्रक्रियेनं ती आणखी विरळ होऊ शकतात. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या मनानं खायच्या नाहीत, विशेषतः बायपासनंतर, जोडाला व्रण होतो. मिश्री लावणाऱ्यांनी ती सोडायची. हे रुग्णालयाच्या जाहिरातीच्या फलकावर लिहिलेलं नसतं. तिथं फक्त आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो असतो. मावशींकडेही फोटो मागितला होता. त्यांनी दिला नाही. २०१७ मध्ये इजिप्तची एमान अहमद उपचारासाठी मुंबईत आली, तेव्हा जगभर तिचं वजन आणि तिचे फोटो फिरत होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत ती वारली. वय ३७. लोकांच्या लक्षात तिचं वजन राहिलं. मावशींना मी हे सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनाच कळलं होतं.

आज त्यांचं वजन ७२ आहे. शुगरच्या गोळ्या निम्म्या झाल्या, बंद नाही झाल्या. डावा गुडघा अजून दुखतो. उताण्या झोपतात. साडेबाराला, डबे निघायच्या आधी, स्टुलावर बसून जेवतात, आणि सुनेलाही शेजारी बसवतात. दीर अजून त्यावर बोलतात.

मी थांबणारच होते, पण एक चिठ्ठी आलीय. "ताई, त्यापेक्षा ते नवीन इंजेक्शन घेतलं तर?" चांगला प्रश्न आहे. मौंजारो हे औषध २०२५ च्या मार्चमध्ये भारतात आलं, तशी आणखीही आहेत. वजन उतरतं. पण इंजेक्शन थांबवलं की बऱ्याच जणींचं वजन परत चढतं, म्हणून दर महिन्याचा खर्च किती वर्षं झेपेल ते आधी मांडून बघायचं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, पार्लरमधून किंवा कुणाच्या वहिनीकडून अजिबात घ्यायचं नाही. ज्या बाईनं चिठ्ठी पाठवली तिनं आपल्या शुगरचे कागद घेऊन जेवणाच्या सुट्टीत मला भेटावं. आणि आज जेवायला आपण आधी बसणार आहोत, वाढायला पुरुष कार्यकर्ते आहेत.