लस, गोळ्यांची पट्टी आणि खोलीचं भाडं

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आयोजकांनी मला एका भाषणात तीन विषय दिलेत. लसीकरण, औषधांच्या किमती आणि घरभाडं. वक्त्याने चांगला घाम गाळावा अशी त्यांची इच्छा दिसते. पण गोवंडीत माझं मेडिकलचं दुकान आहे आणि माझ्या काउंटरवर हे तीन विषय एकाच माणसाच्या पिशवीतून येतात. पोराला ताप आहे, सासऱ्यांच्या शुगरच्या गोळ्या संपल्यात आणि भाडं द्यायचंय म्हणून दोन पट्ट्यांच्या जागी आज एकच पट्टी घ्यायची आहे.

आपण या तिन्हींवर बोलतो कसं, ते बघा. लसीचा विषय निघाला की मोहल्ल्यातला प्रत्येक जण हकीमही होतो आणि मुफ्तीही. औषध महाग झालं की आपण उसासा टाकतो. आणि भाडं वाढलं की म्हणतो, अल्लाह मालिक है. म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच प्रमाणात मिळालेलं आहे त्यावर आपला आवाज सगळ्यात मोठा, आणि जिथे प्रश्न विचारायलाच हवा तिथे आपण गप्प. माझी आजची तक्रार एवढीच आहे.

आधी लस. 'यात डुक्कर आहे का?' हा प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी म्हणून हाकलू नका. प्रश्न खरा आहे. काही लसी टिकाऊ राहाव्यात म्हणून त्यांत जिलेटिन वापरतात आणि जिलेटिन जनावरापासून बनतं. पुण्यात सिरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी गोवर-रुबेलाची लस इंडोनेशियात गेली, तेव्हा तिथल्या उलेमा कौन्सिलने ऑगस्ट २०१८ मध्ये सविस्तर फतवा दिला. त्यांनी लपवाछपवी केली नाही. निर्मितीत डुकरापासूनचा घटक वापरलेला आहे म्हणून लस हराम, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. त्याच फतव्यात पुढे म्हटलं की दुसरी हलाल लस उपलब्ध नाही आणि रोगाचा धोका मोठा आहे, म्हणून सध्या ती वापरणं मुबाह आहे. त्याआधी १९९५ मध्ये कुवेतच्या इस्लामिक ऑर्गनायझेशन फॉर मेडिकल सायन्सेसच्या परिषदेत दुसरी बाजू मांडली गेली होती. हाडा-कातड्याचं जिलेटिन होताना मूळ पदार्थच बदलतो, इस्तिहाला होतो, म्हणून ते पाक आहे, असा तिथला निष्कर्ष. वाटा दोन, पण मुलाला लस द्यायला हरकत नाही इथे दोन्ही पोचतात. इंडोनेशियातल्या आचे प्रांतात मात्र लोकांनी फतव्याचा पहिला अर्धाच भाग फॉरवर्ड केला. तिथे लसीकरण खूप खाली राहिलं. २०२२ मध्ये त्याच आचेत पोलिओ पुन्हा सापडला.

तेव्हा कुणी विचारलं तर पूर्ण उत्तर द्या. अर्धं उत्तर मोबाइलवर आधीच पोचलेलं असतं.

दुसरी गोष्ट आपल्याच शहराची आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो विएगस यांनी प्लेग ओळखला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. तिसरे आगाखान तेव्हा जेमतेम विशीचे, म्हणजे तुमच्या वयाचे. त्यांनी लोकांसमोर बाही वर केली, आपला खुश्रू लॉज बंगला हाफकिनना प्रयोगशाळेसाठी दिला, आणि हजारो खोजे लस घ्यायला पुढे आले. त्याच शहरात मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातल्या जुलाहा विणकरांच्या वस्तीत प्लेगची झडतीपथकं घुसली. एका आजारी मुलीला तपासण्यावरून लोक भडकले, दंगल झाली, गोळीबार झाला. दोन्हीकडे मुसलमानच होते, मग मजहबचा फरक कुठे होता? एकीकडे ओळखीचा माणूस आधी स्वतः टोचून घेत होता, दुसरीकडे शिपाई घरात शिरत होते.

या गोष्टीचा शेवट सहसा कुणी सांगत नाही. त्याच १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. उजेड-हवा नसलेल्या खोल्या पाडून शहर निरोगी करायचं होतं. पाडापाडी भराभर झाली, बांधणं मागे पडलं. उठवलेली माणसं शेजारच्या गल्लीत दाटीने शिरली आणि तिथलं भाडं चढलं. रोगावरचा इलाज म्हणून सुरू झालेल्या कामातून गर्दी वाढली. म्हणून म्हणतो, लस आणि भाडं हे दोन विषय मुंबईत सव्वाशे वर्षांपासून शेजारी राहतात.

२०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवर पसरला. लहान मुलं दगावली. टीव्हीवाले आले आणि बातमी एका वाक्यात बसवून गेले की हे लोक लस घेत नाहीत. अफवा होत्याच, नाही म्हणत नाही. पण त्या दिवसांत दुकानात येणाऱ्या आयांना मी विचारत होतो, दुसरा डोस का राहिला? सगळ्यात जास्त ऐकलेलं उत्तर होतं, "भाई, कार्ड तो पुराने रूम में रह गया." किंवा, "तब हम मानखुर्द में थे."

गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. आणि आपल्याकडच्या भाड्याच्या खोलीचा करार अकरा महिन्यांचा. आता हिशेब तुम्हीच करा. पहिला डोस एका वस्तीत, तर दुसऱ्या डोसच्या वेळी मालकाने भाडं वाढवलंय, एजंटने दुसरी खोली दाखवलीय आणि कुटुंब मुंब्र्याला गेलंय. जुन्या वस्तीतली आरोग्यसेविका कुलूप पाहून परत जाते, नवीन वस्तीतल्या यादीत पोराचं नावच नाही. जरीच्या कारखान्यात रोजावर बसणारा बाप अर्धा दिवस सोडून आरोग्य केंद्र शोधत फिरत नाही. गोवर अतिशय वेगाने पसरतो, त्याला थोपवायला वस्तीतल्या शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना लस लागते. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं झोपत असतील, तर एक राहिलेला डोस पुरेसा असतो.

हे कुठल्याही व्हॉट्सअॅप वादात येत नाही. एक साधी माहितीसुद्धा लोकांना नाही की सरकारी केंद्रात ही लस फुकट आहे आणि जुना पत्ता बदलला म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असला तरी बरंच काम होतं.

भाड्याबद्दल दोन गोष्टी सांगतो. मी वकील नाही, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मराठीत मिळतो आणि तो वाचायला वकिलीची सनद लागत नाही. त्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जाईल, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. आपल्याकडे उलटंच समजतात, 'कागद नाही म्हणजे माझा हक्क नाही.' झोपडपट्टीत मालकाच्याच कागदांचा घोळ असतो, म्हणून तो नोंदणीचं नाव काढत नाही, हे मला ठाऊक आहे. मग निदान भाडं आणि डिपॉझिट रोख देऊ नका. यूपीआयने द्या आणि शेरा लिहा, अमुक महिन्याचं भाडं. आणि एक कडू गोष्ट. आपल्याला नावावरून सोसायटीत घर नाकारतात, त्यावर आपण रास्त संतापतो. पण त्यामुळे आपल्याच वस्तीत जी टंचाई होते, तिचा फायदा घेऊन भाडं चढवणारा मालक पुष्कळदा आपल्याच सफेत नमाज पढतो. त्याला कोण विचारणार?

आता माझा धंदा. इथे मी थोडा वेळ जास्त घेणार.

औषधाची किंमत आकाशातून पडत नाही. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार, आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ठरवतं. त्याआधीच्या आदेशात बनवायला किती खर्च आला हे पाहत. आता बाजारात एक टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढतात आणि त्यावर दुकानदाराचे सोळा टक्के धरतात. म्हणजे बाजारात औषध आधीच महाग असेल तर सरकारची मर्यादाही महाग. घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे दर एप्रिलला ती हलते. २०२३ मध्ये बारा टक्क्यांच्या वर वाढ मिळाली. यादीबाहेरच्या औषधांना तर वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढ करायची मोकळीक आहे. दरवर्षी दहा टक्के म्हणजे आठ वर्षांत दुपटीहून जास्त. तुमच्या वडिलांचा पगार आठ वर्षांत दुप्पट झाला का?

आणखी एक गोष्ट सांगतो, माझे धंदेवाले भाऊ रागावतील. काही जेनेरिक पट्ट्या अशा येतात की छापील किमतीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात त्या दुकानदाराला मिळतात. गिऱ्हाइकाला दहा टक्के सूट दिली की तो दुआ देत जातो. डॉक्टरने ब्रँडचं नाव लिहिलं तर मी कायद्याने बदलून देऊ शकत नाही. जेनेरिक नाव लिहिण्याची सक्ती करणारा नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आला आणि त्याच महिन्यात स्थगित झाला. त्यावर किती स्टेटस लागले? मला एकही दिसला नाही.

विचारल्याने काही होत नाही, असं म्हणू नका. हृदयात बसवायचा औषधी स्टेंट लाखाच्या पुढे विकला जायचा आणि किमतीतला मोठा हिस्सा हॉस्पिटलकडे राहायचा. बिरेंदर सांगवान नावाचे वकील दिल्ली उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये प्राधिकरणाने मर्यादा घातली, २९,६०० रुपये, कर वेगळा. त्याआधी २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने बायरच्या नेक्सावार या कॅन्सरच्या औषधासाठी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला. महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून नऊ हजारांच्या आत आला. आणि सिप्लाचे युसूफ हमीद, ज्यांच्या वडिलांनी, ख्वाजा अब्दुल हमीद यांनी, १९३५ मध्ये मुंबईत ती कंपनी काढली. जगात एचआयव्हीच्या उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर पडत होते, तेव्हा २००१ मध्ये त्यांनी ३५० डॉलरमध्ये औषध देऊ केलं. आपल्या पोरांना क्रिकेटरांची नावं पाठ आहेत, असू देत, हेही एक नाव घाला त्यात.

आता कामाचं बोलतो. येत्या जुम्यापासून नमाजनंतर दुकानासमोर आम्ही एक टेबल मांडतोय. तीन कागद घेऊन या. मुलाचं लसीचं कार्ड, घरातल्या रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि खोलीचा करार, असेल तर. कार्डावर राहिलेला डोस आम्ही नोंदवून घेऊ. गोळ्यांचा भाव प्राधिकरणाच्या 'फार्मा सही दाम' अॅपवर तुमच्यासमोर काढू, जवळचं जनऔषधी केंद्र सांगू. करार पाहायला दोन वकील मुली येणार आहेत, फी नाही. मला टेबलावर बसायला सहा जण हवेत, ज्यांना मराठी, उर्दू आणि हिंदी तिन्ही वाचता येतं. नावं बाहेर वहीत लिहा, आणि मोबाइल नंबर वाचता येईल असा लिहा.