‘दूरदशर्न’



निमंत्रणपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचं नाव ‘दूरदर्शन’ असं छापलंय. मी कळवलं होतं ‘दूरदशर्न’, रफार ‘न’वर. संयोजकांनी मोठ्या आपुलकीनं माझी चूक दुरुस्त केली. पण आज मला बोलायचंय ते त्या चुकीबद्दलच.

त्या चुकीपर्यंत पोचायला सुरुवात टीव्हीवरच्या निवेदकांपासून करतो. या माणसांचं काम हवेत विरतं. नाटककाराचं नाटक छापलं जातं, गायकाची तबकडी निघते. निवेदकाची संहिता कोण छापणार? त्याची खरी कमाई संहितेबाहेरची. पाहुणा अडखळला, वाद्यवृंदाला उशीर झाला, त्या अर्ध्या मिनिटात तो काय बोलला यावर त्याचं नाव होतं.

मग उरते टेप, आणि तीही उरेलच असं नाही. अमेरिकेत जॉनी कार्सननं 1962 ते 1992 अशी तीस वर्षं ‘द टुनाइट शो’ चालवला. देश त्याच्याकडे बघत झोपी जायचा म्हणा ना. पण त्यातल्या पहिल्या दहा वर्षांचे बहुतेक भाग आज बघायला मिळत नाहीत. एनबीसी वाहिनीनं टेपा पुसून पुन्हा वापरल्या. टेप महाग होती, गप्पा स्वस्त होत्या.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 रोजी. त्याच वर्षी तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ सुरू झाला आणि 1993 पर्यंत चालला. ‘बेबी तबस्सुम’ म्हणून लहानपणीच पडद्यावर आलेली ही बाई पाहुण्याशी अशी बोलायची, की समोरचा मोठा नट शेजारच्या घरातून चहाला आल्यासारखा वाटावा. इथे पांढऱ्या केसांचे बरेच जण दिसतायत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण ज्यांनी ते पाहिलं नाही, त्यांनी कुठे शोधायचं? रविवारच्या पुरवण्यांत, दिवाळी अंकांत, नियतकालिकांतल्या मुलाखतींत. म्हणजे शेवटी कागदावर.

आता कागदाकडे येतो. नव्वदीच्या अखेरीला मी एका पुरवणीसाठी टीव्हीवरच्या निवेदकांवर लेख लिहिला होता. तो डीटीपीवर जुळवला गेला. त्याची फाईल मी जपून ठेवली आणि परवा वेबवर टाकायला म्हणून उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची खूण, टोप्या घातलेले स्वर. मराठीचा मागमूस नाही.

झालं असं, की त्या काळचे आपले बहुतेक फॉन्ट सोंगाडे होते. इंग्रजी अक्षरांच्या खणांत त्यांनी देवनागरीचे आकार बसवलेले. डोळ्यांना मराठी दिसायचं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच. फॉन्ट गेला की सोंग उतरलं. देवनागरीला युनिकोडमध्ये 1991 मध्येच जागा मिळाली होती, पण विंडोज 2000 येईपर्यंत ती आपल्या टेबलापर्यंत पोचली नव्हती. त्यासोबतचा ‘मंगल’ फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी आखलेला. जुळारी मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं सवयीच्या फॉन्टलाच चिकटून राहिले.

अशा फायली युनिकोडमध्ये नेणारी सॉफ्टवेअर मिळतात. माझी फाईल मी त्यातल्या एकात घातली, आणि पहिलाच शब्द आला ‘िनवेदक’. जुळारी डोळ्याला दिसतं तसं टाइप करायचा, आधी वेलांटी, मग न. युनिकोड उच्चाराप्रमाणे चालतो, आधी न, मग वेलांटी. रफाराचं बरोबर उलटं. जुळारी आधी ‘श’ टाइप करून वर रफार टाकायचा. युनिकोडला ‘र्’ आधी हवा, कारण आपण तो आधी उच्चारतो. सॉफ्टवेअरनं नुसते आकार बदलले आणि क्रम तसाच ठेवला, की रफार घसरून पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. ‘दूरदर्शन’चं ‘दूरदशर्न’ होतं, ‘कार्यक्रम’चा ‘कायर्क्रम’. आणि ‘करणाऱ्या’मधला तो अर्धा र! त्याचा रफार झाला, तर डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो.

वाचणारा हसून पुढे जाईल. शोधयंत्र हसत नाही. त्याला ‘दूरदर्शन’ हवं असेल, तर ‘दूरदशर्न’ त्याच्यासाठी भलताच शब्द आहे.

काही जण म्हणतात, त्यापेक्षा पीडीएफ चढवा. 1993 मध्ये आलेलं पीडीएफ पान जसंच्या तसं दाखवतं, हे खरं. पण जुन्या फॉन्टमधलं पान असेल, तर त्यामागचा मजकूर तोच सोंगाड्याचा. नुसतं स्कॅन असेल, तर मजकूर नाहीच, फोटो आहे. एवढ्यावर ‘अंक वेबवर आणला’ असं म्हणणं मला पटत नाही.

आणि योग बघा. मराठी पुरवण्या या सोंगाड्या फॉन्टांत जुळत होत्या, नेमक्या त्याच वर्षांत निवेदकांचं पीक आलं. 1993 मध्ये अन्नू कपूर यांची ‘अंताक्षरी’, 1995 मध्ये सोनू निगमचं ‘सा रे ग म’. त्यांच्यावर त्या वेळी मराठीत जे लिहिलं गेलं, त्यातलं कितीतरी आज अशा अडगळीत आहे.

तबस्सुम स्वतः पुढे यूट्यूबवर आल्या, आपली वाहिनी चालवू लागल्या. नोव्हेंबर 2022 मध्ये त्या गेल्या. त्यांच्यावरचे मृत्युलेख युनिकोडमध्ये आहेत, एका क्षणात सापडतात. म्हणजे त्यांच्या बहराच्या एकवीस वर्षांपेक्षा त्यांच्या जाण्याचा एक आठवडा वेबला जास्त ठाऊक.

माझा लेख मी हातानं दुरुस्त केला, दोन रात्री लागल्या. तिसऱ्या रात्री सहज म्हणून शोधयंत्रात मुद्दाम चुकीचाच शब्द घातला, ‘कायर्क्रम’. परिपत्रकं आली, अहवाल आले, कुठल्या कुठल्या संस्थांच्या पत्रिका आल्या. मी पहाटेपर्यंत वाचत बसलो. तुम्हीही घरी गेल्यावर ‘दूरदशर्न’ घालून बघा. रफार ‘न’वर द्यायचा, संयोजकांचं ऐकायचं नाही.