वारी सरली तरी चाल सरू नये



आमचे थोरले बंधू या दिंडीचे वीणेकरी. गुडघे दुखायला लागले तसे घरात बसले, ते बसलेच. पुढं हरिपाठ विसरले. एक दिवस आम्हालाच विचारलं, "तू कुणाचा रं?"

बसल्यामुळंच हे झालं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. रोज चालणाऱ्यालाही हा आजार गाठतो. पण चालणाऱ्याला धोका कमी, असं त्यांनी सांगितलं. चालण्यानं बीपी अन् साखर ताब्यात राहायला मदत होते, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या जपल्या जातात. अमेरिकेत १२० वयस्कर माणसांवर अभ्यास झाला, तो २०११ साली छापून आला. निम्म्यांना आठवड्यात तीन दिवस, हळूहळू वाढवत चाळीस मिनिटं चालवलं. वर्षानं त्यांच्या मेंदूतला आठवणींचा एक भाग थोडा वाढलेला दिसला. बाकीच्यांचा घटला होता.

माऊली, आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर आपण चालतो, अन् घरी आलो की देवळापर्यंत गाडीवर जातो! आठवड्याला दीडशे मिनिटं तरी चाला. दम लागावा, पण बोलता यावं, एवढी चाल पुरे. गुडघे धरले असतील तर डॉक्टरांना विचारून झेपेल तेवढं चाला.

अन् घरातलं कुणी विसरायला लागलं तर 'म्हातारचळ' म्हणून हसू नका. वेळेत दाखवा.

बंधूंचा हात धरून आम्ही रोज शिवेपर्यंत जातो. आमचं नाव त्यांना येत नाही. पण टाळ वाजला की पाऊल ठेक्यात पडतं.

रामकृष्ण हरी!