वाटसरू आणि शेजारी
(ज्युबिलीनिमित्त दिलेलें भाषण)



कशेडीचा घाट पोलादपूर व खेड यांना जोडतो. म्हणून येथें येणारा प्रत्येक मनुष्य पुढें जाणाराच, असें आपण समजून चालतों. 2023 मध्यें बोगद्यांतून वाहतूक सुरू झाली आणि ही वाट अधिकच जवळची झाली. परंतु रस्त्याच्या कामासाठीं किंवा महाडच्या कारखान्यांत मजुरीसाठीं आलेलीं कांहीं कुटुंबें पुढें गेलीं नाहींत. तीं आपल्यांतच राहिलीं.

अशा एका भावाला मी दर रविवारीं विचारीत असें, "गांवीं केव्हां जाणार?" एकदां तो नम्रपणें म्हणाला, "फादर, माझा मुलगा येथेंच जन्मला. आमचें गांव आतां हेंच." मी लज्जित झालों.

आपल्या महाराष्ट्रानें असे पाहुणे पूर्वींहि पाहिले आहेत. सायबेरियांतून सुटून इराणमार्गें आलेल्या सुमारें 5,000 पोलिश निर्वासितांना 1943 पासून 1948 पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडें येथें आश्रय मिळाला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुलें होतीं, आणि बहुतेक आपल्याच कॅथोलिक श्रद्धेचीं. हिंदुस्थान हा त्यांचा वाटेवरचा मुक्काम होता. तथापि, किती दिवस राहणार हें ठरण्यापूर्वींच त्यांच्यासाठीं शाळा, रुग्णालय व प्रार्थनामंदिर उभें राहिलें. पुढें बहुतेक जण परदेशीं गेले. परंतु कोल्हापूरची आठवण त्यांनीं जन्मभर जपली. मात्र ती छावणी होती, वस्ती निराळी होती. आपणांस त्याहून एक पाऊल पुढें जावयाचें आहे.

पोप बारावे पायस यांनीं 1952 मध्यें मिसर देशांत पळून गेलेल्या पवित्र कुटुंबाला सर्व निर्वासितांचा आदर्श म्हटलें. तेथें योसेफाला कोणीतरी काम दिलें असेल, मरियेला कोणीतरी विहिरीवर जागा करून दिली असेल. त्यांचीं नांवें शुभवर्तमानांत नाहींत. देवाला तीं ठाऊक आहेत.

म्हणून, ठरलेली मजुरी ठरल्या दिवशीं द्या. परका म्हणून खोलीचें भाडें अधिक घेऊं नका. त्याच्या मुलाला शाळेंत घालतांना सोबत जा. मिस्सेच्या वेळीं त्याला मागच्या बांकावरून पुढें बोलवा. ज्या कुटुंबांचीं नांवें आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवहींत अद्याप नाहींत, त्यांच्या घरीं मी स्वतः जाणार आहें.

जुन्या करारांतील ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक जण आपल्या वतनावर परत जाई. ज्यांना परत जावयास वतन उरलें नाहीं, त्यांना तें येथें आपल्यांत मिळो. प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.