डोहातला खडस

वाड्याजवळ वैतरणेच्या काठी तिळसे नावाचे गाव आहे. तिथे महादेवाचे देऊळ आहे आणि देवळापाशी डोह. मूठभर चुरमुरे पाण्यात टाकले, की मोठाले मासे झुंडीने वर येतात. त्यांना कुणी मारीत नाही. ते देवाचे मासे! महाडकडे वाळण कोंडाच्या डोहातही हाच प्रकार. श्रोतेहो, हा मासा म्हणजे आपला खडस. कुणी खडशी म्हणतात. शिकारी मंडळी त्याला ‘महाशीर’ म्हणून ओळखतात.

खडस रोहू-कटल्याच्या कुळातला. शास्त्रज्ञ त्याच्या प्रजातीला ‘टॉर’ म्हणतात. हिमालयाच्या पायथ्यापासून थेट इंडोनेशियापर्यंत तिच्या पंधरा-सोळा जाती आहेत. आपल्या दख्खनी जातीचे नाव ‘टॉर खुद्री’. कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून 1839 साली तिचे वर्णन केले, आणि नाव घेतले ते नदीकाठच्या बोलीतलेच.

खडस ओळखायचा तो खवल्यांवरून. खवले इतके मोठे, की कुशीवरच्या एका ओळीत जेमतेम पंचवीसच्या आसपास भरतात. तोंडाला चार मिशा, ओठ मांसल. जबड्यात दात नाहीत. दात आहेत ते घशात! गोगलगाय असो की खेकडा, तो तिथे भरडला जातो. शेवाळ, किडे, काठच्या झाडांची पाण्यात पडलेली फळे, त्याला सगळे चालते.

खाण्यात असा सोशिक मासा विणीच्या बाबतीत मात्र फार चोखंदळ, बरे का! पावसाळ्यात नद्यांना पूर आले, की खडस प्रवाहाविरुद्ध वर चढतो. वाहत्या, स्वच्छ पाण्यात, गोट्यांच्या तळावर मादी पिवळसर अंडी घालते. ती गोट्यांच्या फटींत बसतात. तीनएक दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि पहिले काही दिवस उजेड टाळून तिथेच दडून राहतात. म्हणजे या माशाला तीन गोष्टी हव्यात: उन्हाळ्यात खोल डोह, पावसाळ्यात गोट्यांचा तळ, आणि दोहोंमधली मोकळी वाट. धरणाने वाट अडते, वाळूउपशाने तळ जातो, आणि सुरुंगाने किंवा पाण्यात कालवलेल्या विषाने डोह एका दिवसात रिकामा होतो.

यावर उपाय झाले नाहीत असे नाही. लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीच्या वळवण तलावाकाठी 1970 नंतरच्या दशकात खडसाची कृत्रिम पैदास सुरू झाली. सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याचे तंत्र बसविले. लाखो पिल्ले वाढवून ठिकठिकाणी पाठविली गेली. काम मोलाचे, यात शंका नाही. पण त्यातली काही पिल्ले कावेरीतही गेली. कावेरी खोऱ्याचा स्वतःचा महाशीर आहे, पाठीला वशिंड असलेला. 1946 साली तिच्या काबिनी या उपनदीत असा 120 पौंडांचा मासा गळाला लागला होता. पुढे तिथे पाहुणा खडस फोफावला आणि घरचा मासा दिसेनासा होत गेला. 2018 साली त्या वशिंडवाल्या माशाची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली. त्याचे शास्त्रीय नाव नेमके कोणते, हा घोळही त्याच वर्षी मिटला. म्हणजे ओळख पटेपर्यंत तो जवळजवळ निघून चालला होता!

यातून घ्यायचे ते इतकेच. एका नदीचा मासा दुसरीत सोडणे म्हणजे मासा वाचविणे नव्हे. आधी आपल्या नदीत कोण राहतो ते ओळखावे आणि त्याचे घर राखावे. तिळशाच्या भाविकांनी डोह राखला, हे थोर काम झाले. पण डोह हे खडसाचे उन्हाळ्याचे घर. पाऊस सुरू झाला, की तो देवळाची वेस ओलांडून वर जाणार. तिथे त्याला मोकळे पाणी आणि चार गोटे मिळावेत, हे पाहणे मात्र देवावर सोडून चालणार नाही. ते आपल्याकडेच आहे.