शिट्टी झाली म्हणजे वाफ गेली नव्हे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



व्यासपीठावर बोलण्याची मला सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. पण "घरी बसून यंत्रांची माहितीपत्रके कशी लिहिता, ते सांगाच," असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून उभी आहे.

पाच वर्षांपूर्वी एका लहान कारखानदारांनी ओळखीतून मला प्रेशर कुकरचे पत्रक लिहायला दिले. त्यांचे जुने पत्रक इंग्रजीवरून केलेले होते, ते कुणाला उमजत नसे. मला इंग्रजी येत नाही. म्हणून मी कारखान्यात गेले आणि कारागिराला एकेका भागाचे काम विचारले. आत वाफ कोंडली की पाणी शंभराऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. पाणी आटून कुकर फार तापला की सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो आणि वाफेला वाट देतो. वीस वर्षे कुकर लावणाऱ्या मला हे तेव्हा कळले!

पत्रक लिहिले, पसंत पडले, पाचशे प्रती छापूनही झाल्या. एक प्रत मी शेजारच्या नव्या सूनबाईला दिली. म्हटले, "हे वाचून भात लाव. मी तोंडाने काही सांगणार नाही." तिसरी शिट्टी झाली, तिने गॅस बंद केला आणि लगेच झाकणाला हात घातला! मी तिचा हात धरला.

"अगं, हे काय?"

"काकू, तुम्हीच लिहिलंय ना, वाफ गेल्यावर झाकण काढावे. शिट्टीबरोबर गेली की वाफ!"

माझ्या पायांखालची जमीन सरकली. चूक तिची नव्हती, माझ्या वाक्याची होती. त्याच संध्याकाळी मी कारखानदारांकडे जाऊन सारे सांगितले. मजुरीचे पंधराशे रुपये ठरले होते, त्यांतले सहाशे नव्या छपाईला दिले. नवे वाक्य असे: "गॅस बंद करून थांबावे. चमच्याच्या दांड्याने शिट्टी किंचित उचलून पाहावी. फुस्स आवाज आला तर पुन्हा थांबावे. आवाज न आला तरच झाकण उघडावे."

सहाशे रुपये गेले, पण त्याच गृहस्थांनी पुढे मला मिक्सरचे आणि घरघंटीचेही काम मिळवून दिले.

या कामात पडू इच्छिणाऱ्या भगिनींना अनुभवाचे चार शब्द सांगते. वस्तू स्वतः वापरल्यावाचून लिहू नये. एका वाक्यात एकच कृती सांगावी. धोक्याची सूचना कृतीच्या आधी द्यावी, नंतर नव्हे. "बेताने", "जरा" असे न लिहिता माप द्यावे: कुकर दोनतृतीयांशाहून अधिक भरू नये, डाळ असेल तर निम्म्याहून अधिक नको. आणि छपाईच्या आधी, माझ्यासारखे नंतर नव्हे, नवख्या माणसाकडून करवून पाहावे.

व्यवहारात संकोच धरू नये. मजुरी, मुदत आणि दुरुस्त्या किती वेळा करून देणार, हे आधी कागदावर घ्यावे. निम्मी रक्कम आगाऊ मागावी. बाईमाणूस घरीच तर असते, म्हणून फुकट लिहून मागणारे पुष्कळ भेटतात. त्यांना चहा द्यावा, पत्रक देऊ नये!

आपण सुनेला, मुलीला स्वयंपाक शिकवतो, तेच हे काम. फरक इतकाच, की वाचणारीचा हात धरायला आपण तिथे नसतो. आपले वाक्यच तिचा हात धरते.