गूढकथाकार रत्नाकर मतकरी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. अशा मंगल समयी अंगावर काटा आणणाऱ्या कथांच्या लेखकाविषयी बोलणे कित्येकांस विपरीत वाटेल. एके काळी मलाही तसेच वाटले असते. बाकाखाली धरून वाचलेली असली पुस्तके मी वर्गात कितीदा तरी जप्त केली आहेत.

रत्नाकर मतकरी यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत झाला. १९५५ साली, अगदी कोवळ्या वयात, त्यांची ‘वेडी माणसं’ ही एकांकिका आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून प्रसारित झाली. पुढे अर्थशास्त्र घेऊन ते पदवीधर झाले आणि बँक ऑफ इंडियामध्ये त्यांनी सुमारे वीस वर्षे चाकरी केली. १९७८ साली ती सोडून त्यांनी सर्वस्वी लेखणीवर निर्वाह मांडला. घरसंसार असलेल्या गृहस्थास हे धाडस थोडे नव्हे.

बालकांसाठी त्यांनी ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आणि ‘अलबत्या गलबत्या’ ही नाटके लिहिली. त्यांतील राक्षस व चेटकीण पाहून मुले खदखदून हसत. प्रौढांसाठी मात्र त्याच लेखणीने ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’ यांसारखे कथासंग्रह दिले. यांतील भय स्मशानापुरते राहत नाही. ते दिवाणखान्यात, नात्यागोत्यांत, मनाच्या सांदीकोपऱ्यांत दबा धरून बसते. म्हणूनच भयकथेपेक्षा ‘गूढकथा’ हे नाव त्यांना अधिक शोभते. पुढे ‘गहिरे पाणी’ या मालिकेतून या कथा दूरदर्शनसंचाच्या पडद्यावर घरोघरी पोहोचल्या.

सत्तरी उलटल्यावर त्यांनी आपल्याच कथेवरून ‘इन्व्हेस्टमेंट’ हा चित्रपट लिहिला व दिग्दर्शित केला. साठाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. त्यात भूत नाही. महत्त्वाकांक्षी आईबापांचा शाळकरी मुलगा आहे; त्याच्या हातून बरोबरीच्या मुलीची हत्या होते, आणि त्याच्या भवितव्यासाठी आई त्या कृत्यावर पांघरूण घालते. सत्याची टोचणी उरते ती घरातल्या आजीला.

हा चित्रपट पाहून मी त्या रात्री झोपलो नाही. माझ्या वर्गातील एका हुशार मुलाने एका गरीब मुलाचा हात मोडला होता. मुलाचे वडील मोठे गृहस्थ. “गुरुजी, पोराचे वर्ष वाया जाईल,” एवढेच ते म्हणाले, आणि लिहिलेली तक्रार मी माझ्या हातांनी फाडली. त्या हुशार मुलाचा पुढे आपल्यासारख्याच सभेत सत्कार झाला. टाळ्या मीही वाजविल्या. हात मोडलेला मुलगा मात्र शाळेत परत आला नाही. त्याचे नाव मला आजही हजेरीपटातल्या क्रमांकासह आठवते.

मतकरी १७ मे २०२० रोजी करोनाच्या साथीत मुंबईत निवर्तले. आज ज्यांच्या पाल्यांना पारितोषिके मिळाली, त्यांचे मी अभिनंदन करतो. आणि एकच विनंती करतो. गुणपत्रिका पाहून झाल्यावर मुलाला जवळ बसवून विचारा की, बाळ, तुझ्यामुळे वर्गात कोणी रडले तर नाही ना? उत्तर ऐकण्यास धीर लागेल. तो आपणां सर्वांस लाभो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.